हॅरोपबाईंचा हंडा

११ डिसेंबर १९५५, रविवार

पोचलो एकदाचे! बोट, मग आगगाडी, मग एक डुगडुगती मोटार, आणि आता मी इंग्लंडच्या उत्तरेला ऑल्डरविक नावाच्या गावात, खऱ्याखुऱ्या विस्तवापुढे पाय पसरून लिहिते आहे. नलूच्या अंगावर इतकी पांघरुणं घातलीत की नुसतं नाक बाहेर दिसतं. हे खाली घरमालकिणीशी बोलत बसलेत.

गाव पाहून मला हसूच आलं. सात समुद्र ओलांडायचे आणि पाहायचं काय, तर कापडाच्या गिरण्या! तेच भोंगे, त्याच चिमण्या, त्याच काजळी धरलेल्या भिंती. ह्यांना म्हटलं, तुम्ही मला लालबागलाच आणून सोडलंत की. फरक एवढाच, की इथे छपरांवर बर्फ आहे आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही.

जागेचा घोर मिटला हे फार बरं झालं. ह्यांना इथल्या इस्पितळात काम मिळालं, पण बिऱ्हाडाचं तुमचं तुम्ही बघा म्हणाले. जी घरं पत्रातून हो म्हणाली होती, ती आमची तोंडं पाहून नाही म्हणाली. एका खिडकीत तर पाटीच होती, काळ्या लोकांनी विचारू नये. नलूने ती पाटी मोठ्याने वाचली. इंग्रजी वाचता येतं याचा तिला कोण अभिमान!

आणि मग या हॅरोपबाई. सत्तरीच्या, कापसासारखे केस, गुबगुबीत हात. दारातच त्यांनी नलूला उचलून घेतलं. हिवाळाभर त्यांच्या घरी निराधार म्हाताऱ्यांसाठी निवारा चालतो, अगदी फुकट. त्यांच्या सासूबाईंनी सुरू केलेला. आम्हाला वरच्या दोन खोल्या दिल्यात. मोबदल्यात ह्यांनी म्हाताऱ्यांना तपासायचं आणि मी स्वयंपाकघरात हात लावायचा. गिरगावात महिला मंडळात जुनी लुगडी गोळा करण्यापलीकडे आम्ही काय केलं होतं? इथे खरी सेवा घडेल. उद्याच मुगभाटात नानांना पत्र टाकते. वडील माणूस, लेक सुखरूप पोचली कळल्याशिवाय जेवायचे नाहीत.

१५ डिसेंबर, गुरुवार

बस्तान बसलं. वरच्या खोलीत गॅसची लहान शेगडी आहे, तिच्यावर आमच्या तिघांपुरतं शिजवते. आईने बरोबर दिलेले वाल भिजत घातले तर मोड यायला तयार नाहीत! शेवटी पुरचुंडी नलूच्या पांघरुणात ठेवली. आज बिरडं केलं. ह्यांनी वाटी चाटूनपुसून साफ केली आणि म्हणाले, लतिका, आता हे गाव आपलं झालं.

दुपारची मी खाली असते. मोठ्या दालनात वीसेक म्हातारेकोतारे भिंतीला पाठ लावून बसलेले असतात. दोघांशी माझी ओळख झाली. एक कॉब म्हणून आहेत. पहिल्या लढाईत शिपाई होते, तोंडात एक दात नाही. बायको एलन वारली, तिच्याबद्दल बोलायला लागले की थांबत नाहीत. ती चहा कसा आणायची, बशीने कप कसा झाकायची. नलूला ते कागदाचे पक्षी करून देतात, मला अदबीने ‘मॅडम’ म्हणतात. दुसरी डोरा. जन्मभर गिरणीत राबली, उजव्या हाताची दोन बोटं मागात गेली. बोलते मात्र तोंडावर पदर घेतल्यासारखी, हळू.

जेवण रोज एकच. सूप. स्वयंपाकघरात विटांच्या चुलाणात एक तांब्याचा हंडा पक्का बसवलाय, आपल्याकडे लग्नाच्या पाण्याला असतो तेवढा. त्याखालचा जाळ कधी विझत नाही.

वास मात्र विचित्र आहे. खवट तूप आणि ओली लोकर यांच्यामधला. होईल सवय.

२८ डिसेंबर, बुधवार

नाही होत सवय. आज जे पाहिलं त्यानंतर मी जेवलेच नाही.

इतके दिवस मी फक्त वाढत होते. उष्टी भांडी हॅरोपबाई स्वतः नेत. आज त्यांचा गुडघा दुखत होता म्हणून मी उचलली. कॉबना चावता येत नाही. पाव चघळून चघळून त्याचा गोळा ते परत वाडग्यात टाकतात. डोराला खोकला आहे, तिच्या वाडग्यात काय होतं ते मी लिहीत नाही. मी सगळं मोरीत ओतणार, तेवढ्यात बाईंनी माझं मनगट धरलं. मग एकेक वाडगा घेऊन, आतून अंगठा फिरवून, त्यांनी सगळं हंड्यात निरपून टाकलं. लाळ, चोथा, खाली पडलेला, मिशीचा केस चिकटलेला तुकडासुद्धा. आणि ओगराळ्याने ढवळून पुढच्या पंगतीला वाढायला घेतलं.

मी विचारलं, हंडा धुता कधी? त्या हसल्या. म्हणाल्या, सासूबाईंनी पेटवला तेव्हापासून तो रिकामा झालेला नाही. या घरात काहीही वाया जात नाही, काही म्हणजे काहीही.

अन्न टाकू नये हे मलाही शिकवलंय. पण उष्टं! आमच्याकडे ताटातला घास परत पातेल्यात गेला तर आई पातेलं विसळून टाकायची. लग्नात नवऱ्याच्या ताटात जेवायला बसवलं तेव्हासुद्धा मी डोळे मिटून एक घास खाल्ला होता. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, उकळतंय ना सतत? जंतू मरतात. जंतूंचं कोण बोलतंय?

नलूला बजावून सांगितलंय, खालचं काही तोंडात घालायचं नाही.

१० जानेवारी १९५६, मंगळवार

डोरा गेली. सकाळी खुर्चीतच. ह्यांनी तपासलं, न्यूमोनिया म्हणाले. तिला हलवताना मी पाय धरले होते. बोटं मांसात रुतली आणि रुतलेलीच राहिली, पाण्यात भिजलेल्या पावासारखी. आली तेव्हा ही बाई काडी होती म्हणे. इथे सगळेच फुगतात. पांढरे, मऊ, गालांवर तेलकट चकाकी, आणि तोंडावर एक तृप्ती. कोणीही परत जायचं नाव काढत नाही.

दुपारी सूप वाढत होते. कॉब बोलायला लागले. मला वाटलं एलनचं असेल. तर ते सांगत होते गिरणीतल्या मागाबद्दल. धोटा कसा उसळला, आपली दोन बोटं कशी गेली, मुकादम कसा हसला. मी त्यांच्या उजव्या हाताकडे पाहिलं. पाचही बोटं जागेवर. पण शेवटची दोन त्यांनी तळव्यात मुडपून धरली होती.

ती गोष्ट डोराची. ती एकदा माझ्यापाशी बोलली होती, अगदी याच शब्दांत.

म्हातारी माणसं, ऐकलेलं आपलं समजतात, असं ह्यांचं म्हणणं. असेल. पण मग पलीकडची म्हातारी, जी कधी कोणाशी बोलत नाही, तिनेही तीच दोन बोटं का मुडपली होती?

२७ जानेवारी, शुक्रवार

नानांचं पत्र आलं. मुंबई केंद्राकडे देणार असं जाहीर झाल्यापासून शहर पेटलंय. गिरगावात गोळीबार, संचारबंदी. आमच्या गल्लीच्या तोंडाशी ट्रामचे रूळ दगडांनी भरलेत. भाऊ जगदीश दोन दिवस घरी आला नाही, मग आला तो खांद्याला पट्टी बांधून. नाना लिहितात, तुम्ही तिकडे सुखात आहात हेच समाधान.

सुखात!

पत्र वाचून रडू आलं. ह्यांना वाचून दाखवलं. हे शांतपणे ऐकत होते, मग म्हणाले, कोण जगदीश?

मी थट्टा समजले. पण ह्यांच्या तोंडाला तो वास येत होता. तेव्हा ह्यांनी कबूल केलं: इस्पितळातून परत येताना गारठून जायला होतं, म्हणून रोज खाली एक वाडगा घेतात. महिनाभर. माझं जेवण आता तिखट लागतं म्हणे.

ह्यांच्या हनुवटीखाली बोट लावून पाहिलं. रुतलं.

मी सांगितलं, हे घर सोडू. तर ह्यांनी खिडकीकडे बोट दाखवून विचारलं, कुठे जायचं? त्या पाट्यांच्या गावात?

२ फेब्रुवारी, गुरुवार

असली थंडी म्हाताऱ्यांनीसुद्धा पाहिलेली नाही. नळ गोठून फुटले. दाराबाहेर बर्फ खिडकीच्या चौकटीपर्यंत. गॅस कालपासून येत नाही. पाववाला नाही, दूधवाला नाही, टपाल नाही. तांदूळ आहेत ते शिजवू कशावर? खाली हंड्याच्या जाळावर भात लावू का विचारलं, तर हॅरोपबाई गोड हसून म्हणाल्या, या चुलीवर एकच भांडं चढतं.

नलूला कोरडे पोहे आणि गूळ दिला. मीही तेच.

हे इस्पितळात जात नाहीत. दालनात भिंतीला पाठ लावून बसतात. कॉबच्या शेजारी.

घरातल्या भिंतींना बाहेरून बर्फ आणि आतून चरबी. हात लावला की बोटांना पांढरं येतं. माझ्या केसांना, उशीला, नलूच्या फ्रॉकला तोच वास. दोनदा ओकारी झाली.

५ फेब्रुवारी, रविवार

पोहे संपले.

नलू दुपारी शेजारी नव्हती. खाली धावले. ती कॉबच्या मांडीवर बसली होती. ते तिला भरवत होते. एक चमचा तिला, एक स्वतःला, एकच चमचा. तिच्या ओठांवर त्यांची लाळ होती.

मी तिला ओढून वर आणलं. घशात बोट घातलं. काही बाहेर येईना. ती रडत म्हणाली, आई, मी रोजच खाते, तू ओरडशील म्हणून सांगितलं नाही. कधीपासून? पक्षी करायला लागले तेव्हापासून.

म्हणजे पहिल्या आठवड्यापासून. म्हणजे मी इथे वाढप्याचं काम करत होते आणि माझ्याच पाठीमागे—

मी तिची जीभ पदराने पुसली. पुन्हा पुन्हा. रक्त आलं.

६ फेब्रुवारी

आज नलू माझ्याकडे बघून ‘मॅडम’ म्हणाली.

मग विचारू लागली, एलन कुठे गेली. एलनला मातीत ठेवलं तेव्हा पाऊस होता का. सहा वर्षांच्या तोंडातून. डोळे म्हाताऱ्याचे. मी जवळ घ्यायला गेले तर अंग चोरून भिंतीला लागली, परक्या बाईने धरल्यासारखी.

मी विचारलं, तुझं नाव काय? तिने दोन बोटं मुडपली.

तसंच तिला कोटात गुंडाळून उचललं आणि मागच्या दाराने बाहेर पडले. इस्पितळ टेकडीवर आहे. कोणीतरी असेलच. बर्फात मांडीपर्यंत रुतत होते. फाटकापाशी नलूने हातपाय ताठ केले. तोंड उघडलं, आवाज नाही. श्वास थांबला. ओठ निळे. मागे पाहिलं तर सगळ्या खिडक्यांतून ते उभे. हेही. सगळ्यांची तोंडं उघडी, तशीच, तेवढीच.

मी मागे वळले तसा तिने श्वास घेतला. त्यांनीही.

७ फेब्रुवारी, मंगळवार

लिहायला हात धजत नाही. पण लिहिते.

दालनात गेले, ह्यांना हलवून पाहायला. काही उपयोग नाही; ह्यांनी माझा हात कुरवाळला आणि मला इंग्रजीत कोणत्या तरी मेरीच्या नावाने हाक मारली. मी परत निघाले तेवढ्यात मागून माझा पदर कोणी तरी धरला.

कॉब. तोंडातून सूप ओघळत होतं, दाढीत चोथा. डोळ्यांत पाणी. आणि मराठीत, आमच्या घरातल्या मराठीत—

“आई, थंडी वाजते गं. मांडीवर घे ना.”

मी ओरडले. ते घाबरले, लहान मूल घाबरतं तसे. खालचा ओठ बाहेर आला.

“मी नाही खाणार परत. शप्पथ. आपण आजोबांकडे जाऊ या ना. नाना आजोबा डब्यातली खडीसाखर देतात.”

आणि तो सगळा मेणचट, घामट, खवट देह माझ्या मांडीवर डोकं ठेवायला पुढे आला. मी ढकललं. माझ्या पोरीला ढकललं! हात पुसत जिन्यापर्यंत पळाले आणि तिथे बसून ओकले. पोटात काही नव्हतं. नुसतं पित्त.

वर खोलीत नलूचं अंग आहे. ते म्हातारपणाचं खोकतं.

८ फेब्रुवारी

ह्यांच्या बॅगेतली फिनेलची बाटली घेऊन स्वयंपाकघरात गेले. हंडा उलथणं शक्य नाही, विटांत आहे. ओतायचं ठरवलं. सगळी बाटली. एकदा हे संपून जाऊ दे.

जवळून पहिल्यांदा पाहिलं. वर साय, टाचेच्या कातडीसारखी जाड. तिच्यावर कोणाचं तरी नख. बुडबुडा फुटला की साय उचलते, खाली बसते. उचलते, खाली बसते. खाली श्वास असल्यासारखी.

हॅरोपबाई मागे होत्या. अडवलं नाही. फक्त म्हणाल्या, ओत हवं तर. पण तुझी मुलगी वर नाही. ती इथे आहे. जे जे या घरात आलं ते सगळं यात आहे, एक थेंब वाया गेलेला नाही.

बूच काढलेली बाटली धरून उभी राहिले. किती वेळ ते—

नाही ओतवलं. यात माझी नलू आहे.

बाई म्हणाल्या, तिला तिथे फार एकटं वाटतंय. आईला हाका मारते.

गुरुवार असावा

नलू, म्हणजे वरचं ते, मला आत येऊ देत नाही. दार लावून घेतलंय. आतून पुरुषासारखी खाकरते.

खाली कॉब दिवसभर आई आई करतात. आज लांबूनच त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. केसांना चिकटा. हात सोडवत नव्हता. हात धुवावासा वाटत होता, आणि सोडवत नव्हता.

भूक नाही. भुकेचं नाही हे.

एक वाडगा. तेवढाच. ती सापडली की—

—

वाडगा पुढ्यात आहे. माझ्याआधी कोण जेवलं त्यात ते दिसतंय. कडेला ओठांचा ठसा. नाक दाबून घेते. पहिल्या घासाला बाहेर आलं. ते निरपून पुन्हा घेतलं. माझंच उष्टं. मी हे लिहिते आहे, मी, लतिका, मुगभाट, गिरगाव—

गरम आहे. मीठ बरोबर. चव वाईट नाही— हेच, हेच सगळ्यात किळसवाणं, की चव—

सापडली.

सापडली गं. मी मला पाहिली. खालून. मी केवढी उंच आहे. नाकात चमकी. केस विंचरताना बांगड्या कानापाशी वाजतात. दुखतं, पण आई चिडते म्हणून सांगायचं नाही. आईच्या पोटाला गाल लावला की साबणाचा वास येतो. एवढं प्रेम करत होती ती माझ्यावर. एवढं, आणि मला—

आणखी एक वाडगा. ती लांब जातेय. मध्ये चिखल आहे, शिपाई आहेत, माग चालू आहेत, फार आवाज, बोटं—

ह्यांचा हात. हे पण आहेत इथे. अहो, नलूला धरा, ती—

बसा जरा. बाहेर केवढं बर्फ. एलन आत्ता चहा घेऊन येईल, बशीने झाकून. तोवर या छोट्या बाईला कोणी तरी सांगा, रडू नकोस म्हणावं, तुझी आई कुठे तरी इथेच